एच-४ वर येताय आणि ज्येष्ठ स्वयंसेवकांच्या केंद्रीय अनुदानात काम करायचंय? आधी हे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थेत प्रस्ताव लिहिण्याचा आठ वर्षांचा अनुभव आहे, पतीला एच-१बी (नोकरीचा व्हिसा) मिळालाय, तुम्ही एच-४ वर, म्हणजे त्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर, न्यू जर्सीला येणार. तिथे स्वतःची संस्था काढून ज्येष्ठ स्वयंसेवक कार्यक्रमासाठी केंद्र सरकारचं अनुदान मागता येईल का?

कायद्याने येईल. पण पहिली तीन-चार वर्षं तरी मागू नका. ज्यांच्याकडे अनुदान आधीच आहे त्यांच्याशी जोडून घ्या. हे अनुदान कल्पनेला मिळत नाही. हिशेब, नोंदी आणि उरलेला खर्च स्वतः उभा करण्याची ताकद यांना मिळतं, आणि नवी संस्था नेमकी तिथेच मार खाते.

अमेरिकॉर्प्स ही स्वयंसेवेची कामं चालवणारी केंद्र सरकारची संस्था. ज्येष्ठांचे हे कार्यक्रम तिच्या अमेरिकॉर्प्स सीनिअर्स या नावाखाली चालतात. २०२० पर्यंत नाव सीनिअर कॉर्प्स होतं. वयाची अट ५५ पूर्ण. फॉस्टर ग्रँडपेरेंटमध्ये ज्येष्ठ मंडळी शाळा-पाळणाघरांत मुलांना मदत करतात, सीनिअर कंपॅनिअनमध्ये घरात अडकून पडलेल्या ज्येष्ठांना सोबत करतात. या दोन्हींना उत्पन्नाची मर्यादा आहे, दारिद्र्यरेषेच्या दुप्पट, आणि तासाला काही डॉलर मानधन मिळतं. तिसरा आरएसव्हीपी, म्हणजे निवृत्त आणि ज्येष्ठ स्वयंसेवकांचा कार्यक्रम: उत्पन्नाची अट नाही, मानधनही नाही, फक्त प्रवासखर्च आणि विमा. तुमच्या कामाच्या दृष्टीने हाच महत्त्वाचा. एससीएसईपी हे नावही कानावर येईल, पण तो श्रम खात्याचा नोकरी-प्रशिक्षणाचा कार्यक्रम आहे. त्याचा इथे संबंध नाही.

आरएसव्हीपीचं अनुदान पूर्वी त्याच संस्थेकडे वर्षानुवर्षं पुढे चालू राहायचं. २००९ च्या कायद्याने स्पर्धा आली आणि २०१३ पासून जुन्या संस्थांनाही ठरावीक वर्षांनी नव्याने अर्ज करावा लागतो. स्पर्धा भूभागानुसार असते. जाहिरातीसोबत यादी येते: अमुक काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या), त्यासाठी इतकी रक्कम. तुमच्या डोक्यात ‘एडिसनमधले मराठी ज्येष्ठ’ असले, तरी अर्ज त्या यादीतल्या भूभागासाठी करावा लागतो. शिवाय समोर तिथे बरीच वर्षं काम केलेली संस्था असते, जिच्याकडे शेकडो स्वयंसेवक नोंदलेले आहेत.

आता पैशाचं गणित, कारण नवखे सर्वात जास्त इथेच चुकतात. आरएसव्हीपीत पहिल्या वर्षी १० टक्के, दुसऱ्या वर्षी २० आणि तिसऱ्यापासून ३० टक्के वाटा संस्थेचा. हे टक्के एकूण प्रकल्पखर्चावर काढायचे, सरकारी रकमेवर नाहीत. सरकार ९०,००० डॉलर देत असेल तर पहिल्या वर्षी एकूण खर्च १,००,००० आणि तुमचा वाटा १०,०००. तिसऱ्या वर्षी तेच ९०,००० म्हणजे ७० टक्के. एकूण खर्च सुमारे १,२८,५७१ आणि तुमचा वाटा ३८,५७१. बरेच जण ९०,००० चे ३० टक्के काढून २७,००० धरतात आणि साडेअकरा हजारांचा खड्डा पडतो. फुकट मिळालेली जागा, छपाई, जेवण वाट्यात धरता येतं, पण तारीख, किंमत कशी काढली आणि देणाऱ्याची सही हे सगळं कागदावर हवं. केंद्राचाच दुसरा निधी वाटा म्हणून दाखवायचा तर त्या निधीच्या कायद्यात तशी मुभा असावी लागते. म्हणून काउंटीकडून पैसे घेताना ते मुळात कुठून आले हे विचारून ठेवा.

अर्जाआधीची तयारीही वेळ खाते. धर्मादाय दर्जासाठी आयआरएसचा (तिथल्या कर खात्याचा) १०२३ फॉर्म, शुल्क ६०० डॉलर. वार्षिक जमा ५०,००० च्या आत राहणार असेल तर छोटा फॉर्म २७५ डॉलरमध्ये. मग सॅम डॉट गव्ह या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर नोंदणी. तिथे संस्थेचं नाव आणि पत्ता कागदपत्रांशी अक्षरशः जुळावा लागतो. एका स्वल्पविरामावरून किंवा पत्त्यातल्या ‘सूट’ (ऑफिसच्या खोलीच्या) क्रमांकावरून पडताळणी काही आठवडे अडकते. नोंदणी दरवर्षी नव्याने करायची, आणि ती ऐन मुदतीच्या आठवड्यात संपली तर अर्ज गेला.

अनुदानातून पगार घेणारे कर्मचारी आणि मानधन घेणारे स्वयंसेवक यांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तीन ठिकाणी तपासली जाते: लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी, राज्याची नोंद आणि एफबीआय. ती कामाच्या पहिल्या दिवसाआधीच पूर्ण हवी. उशीर झाला तर त्या माणसावरचा खर्च नामंजूर होतो.

अहवालाचंही तसंच: एक स्वयंसेवक दोन ठिकाणी काम करत असेल तरी माणूस एकच मोजायचा. आणि ‘३०० ज्येष्ठांना फोन केले’ एवढ्यावर भागत नाही. त्यातल्या किती जणांचा एकटेपणा कमी झाला, हे ठरलेल्या प्रश्नावलीने मोजून दाखवावं लागतं. सीएसआरचे प्रस्ताव आणि उपयोगिता प्रमाणपत्रं तुम्ही केली आहेत, त्यामुळे आकड्यांचा हा भाग तुम्हाला जड जाणार नाही.

मग मार्ग कोणता? ज्या ठिकाणी स्वयंसेवक प्रत्यक्ष काम करतात त्याला इथे स्टेशन म्हणतात. तुमच्या काउंटीतली अनुदानधारक संस्था शोधा आणि तुम्ही जिच्यासोबत काम कराल त्या ना-नफा संस्थेचा तिच्याशी स्टेशन म्हणून लेखी करार करून घ्या. स्टेशनला अटी मात्र पाळाव्या लागतात: पगारी माणसाची जागा स्वयंसेवकाने घ्यायची नाही, सेवेसाठी लाभार्थ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, राजकीय प्रचार किंवा पूजा-प्रवचन सेवेच्या तासांत चालत नाही. महाराष्ट्र मंडळ स्टेशन झालं, तरी गणपतीच्या आरतीचे तास धरता येणार नाहीत; एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना दवाखान्यात नेण्याचे धरता येतील.

व्हिसाचं नीट समजून घ्या. पतीचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज) मंजूर होऊन तुम्हाला ईएडी, म्हणजे काम करण्याचा परवाना, मिळेपर्यंत पगार घेता येत नाही. बिनपगारी कामही, जे एरवी पगारी माणूसच करतो असं असेल, तर टाळा. संचालक मंडळावर मानद सदस्य असणं त्यापेक्षा सुरक्षित. ‘ना-नफा संस्थांना एच-१बीचा कोटा लागू नाही’ असं कुणी सांगेल. ती सूट विद्यापीठांना, त्यांच्याशी संलग्न संस्थांना आणि संशोधन संस्थांना आहे. साध्या सामाजिक संस्थेला नाही.

शेवटची गोष्ट नोकरी निवडताना लागेल. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकॉर्प्सची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदानं मध्येच रद्द झाली आणि तिथले बहुतेक कर्मचारी रजेवर पाठवले गेले. त्यामुळे ईएडी आल्यावर मुलाखतीला गेलात की थेट विचारा: या पदाचा किती टक्के पगार केंद्रीय अनुदानातून येतो, आणि ते थांबलं तर पद किती महिने टिकेल?