तारण विश्वासानेच मिळत असेल, तर चांगलं वागायचं कशाला?

तुम्ही विचारलंय की तारण, म्हणजे पापातून सुटका, कर्माने नाही, देवाच्या कृपेने मिळतं असं ख्रिस्ती लोक मानतात, मग जन्मभर पाप करून शेवटी ‘विश्वास ठेवला’ म्हटलं की सुटलो का? मी ख्रिस्ती घरातच वाढलो, तरी हा प्रश्न मलाही बरीच वर्षं छळत होता.

वडील शेवटच्या आजारात एकच घोकायचे, “देवाला काय तोंड दाखवू?” पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, आले आणि त्यांनी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय काढला. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला गुन्हेगार फक्त ‘माझी आठवण करा’ एवढंच म्हणतो आणि त्याच दिवशी सुखलोकात सोबत असण्याचं वचन त्याला मिळतं. वडिलांनी विचारलं, “पण त्यानं केलं काय?” पाळक म्हणाले, “काय करणार? हात तर जखडलेले होते.” सलाईनची सुई टोचलेल्या आपल्या हाताकडे वडील कितीतरी वेळ बघत राहिले.

तुमचा प्रश्न पौलालाही, म्हणजे बायबलमधली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या प्रेषितालाही, लोक विचारत असणार. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, असं रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच विचारतो आणि ‘कधीच नाही’ असं ठणकावतो. बायबलमधल्याच दुसऱ्या एका पत्रात याकोब तर म्हणतो, देव एक आहे असा विश्वास भुतंही ठेवतात आणि थरथर कापतात. म्हणजे नुसतं मानणं हा विश्वास नव्हे. विश्वास म्हणजे स्वतःचा सगळा भार त्याच्यावर टाकणं.

माझ्या मते खरा मुद्दा आहे आधी काय आणि नंतर काय, याचा. बायबलमधला जक्कय हा लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला जकातदार. ‘आधी सुधार, मग येतो’ असं येशू त्याला म्हणत नाही. तो थेट त्याच्या घरी उतरतो. निम्मी मालमत्ता गोरगरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत, हे जक्कय त्यानंतर बोलतो. इफिसकरांस पत्रातही ‘कर्माने नाही’ याच्या लगेच पुढच्या ओळीत, आपल्याला सत्कृत्यांसाठीच घडवलंय, असं आहे. याच विषयावरून सोळाव्या शतकात युरोपातलं चर्च फुटलं. 1999 साली लूथरन (त्या फुटीतून निघालेला, मार्टिन लूथरला मानणारा पंथ) आणि कॅथलिकांनी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्यातही तारण कृपेनेच आणि सत्कर्मं हे त्याचं फळ, असंच मांडलंय.

पाळक गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला धाकट्या काकांना फोन लावायला सांगितलं. बांधावरच्या भांडणापायी दोघांचं बोलणं नऊ वर्षं बंद होतं. “चूक माझी होती रे,” ते म्हणाले. आवाज क्षीण होता, पण तो कापत नव्हता.