वाळूतले प्लास्टिकचे कण ओळखायला एफटीआयआर (अवरक्त किरण किती शोषले जातात यावरून ओळख) पुरे, की रामन (लेसरचा प्रकाश कसा विखुरतो यावरून ओळख) लागेल?

मिरामारच्या वाळूतून वेचलेले कण डोळ्यांना दिसत असतील, तर सरळ एफटीआयआर घ्या, एटीआर जोडणीसह. तिच्या स्फटिकावर कण दाबायचा, मिनिटभरात वर्णपट, म्हणजे कुठल्या लहरी किती शोषल्या याचा आलेख, तयार. पॉलिथिलीन असेल तर २९१५ आणि २८४८ प्रति सेंटीमीटरच्या (आलेखावर लहरी मोजायचं एकक) आसपास सी-एच (कार्बन-हायड्रोजन) बंधांची दोन ठळक शिखरं दिसतात. बाटलीचं पेट प्लास्टिक १७१५ जवळच्या कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध) शिखरावरून ओळखू येतं.

कण मात्र आधी नीट सुकवा! पाणी अवरक्त किरण भरपूर शोषतं, ३३०० जवळचा त्याचा रुंद पट्टा शेजारची शिखरं झाकतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर पार्श्वभूमीचं (कण न ठेवता केलेलं) मापनही पुन्हा पुन्हा घ्यावं.

रामनला पाण्याचा त्रास फारसा नाही आणि ते साधारण १ मायक्रॉनपर्यंतचे कण पकडतं. एफटीआयआरचा सूक्ष्मदर्शक १०-२० मायक्रॉनखाली अडतो. पण रंगवलेल्या किंवा शेवाळ धरलेल्या कणांची प्रतिदीप्ती (लेसर पडताच त्यांचं स्वतःच उजळणं) रामनचा क्षीण संकेत बुडवते, म्हणून किनाऱ्यावरच्या मळक्या तुकड्यांसाठी माझं मत एफटीआयआरलाच. पायरोलिसिस जीसी-एमएसने (कण तापवून तोडायचा आणि निघालेले वायू तपासायचे) प्लास्टिकचं वस्तुमान कळतं, पण कण उरत नाही. ते शेवटी करा.