एमजी हेक्टर आणि शेव्हरोलेची २०१९ मध्ये आलेली कॅप्टिव्हा ही एकच गाडी आहे का?

होय, दोघींचे मूळ एकच आहे. सैक (एमजी ब्रँडची मालक असलेली चिनी कंपनी), जनरल मोटर्स (शेव्हरोलेची मालक) आणि चीनमधीलच वुलिंग यांच्या संयुक्त कंपनीने २०१८ मध्ये चीनमध्ये बाओजुन ५३० ही परवडणारी एसयूव्ही आणली. तीच पुढे इंडोनेशियात वुलिंग अल्माझ, कोलंबिया आणि थायलंडमध्ये शेव्हरोले कॅप्टिव्हा, तर २०१९ मध्ये भारतात एमजी हेक्टर झाली. वर बारीक दिवे आणि खाली बंपरमध्ये मुख्य हेडलाइट, ही मांडणी सगळीकडे ओळखू येते. तरीही हेक्टरला निव्वळ बिल्ला बदललेली गाडी म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण येथील ग्राहकांसाठी तिला फियाटचे दोन लिटरचे डिझेल इंजिनही देण्यात आले. गंमत म्हणजे गुजरातमधील हालोलच्या ज्या कारखान्यात ती तयार होते, तो पूर्वी जनरल मोटर्सचाच होता.