रमजान, रमदान आणि एका अक्षराचा हक्क

प्रश्न असा आहे : 'आम्ही लहानपणापासून रमजान म्हणतो. दुबईला नोकरी करणारा भाचा रमदान म्हणतो आणि तेच शुद्ध असल्याचं सांगतो. मराठीत आता रमदान लिहावं का? आणि कुराण पठणात काही अक्षरं एवढी लांबवतात, ती म्हणणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे की त्याला काही नियम आहे?'

मराठीत रमजानच लिहावं. भाच्याचा कान चांगला आहे, पण देवनागरीत लिहिलेलं 'रमदान' अरबीही होत नाही. आपल्या 'द'ला जवळचं अरबी अक्षर आहे दाल. रमजानमधलं अक्षर ते नव्हे, त्याचं नाव 'दाद'. (आपण दाद मागतो ती फारसीतली, तिचा इथे संबंध नाही.)

दाद जिभेच्या टोकानं म्हणत नाहीत. जिभेची कड वरच्या दाढांना टेकवायची, बहुतेकांना डावी बाजू सोपी जाते, आणि जिभेचा मागचा भाग वर उचलायचा. आवाज जाड, तोंडभर येतो. सीबवैह या व्याकरणकारानं आठव्या शतकात हेच स्थान सांगितलं आहे. कडेनं निघणाऱ्या आवाजात थोडा 'ल' मिसळतो, आणि त्याची खूण दूर स्पेनमध्ये राहिली आहे. अरबी 'अल-कादी' म्हणजे न्यायाधीश. त्याचं स्पॅनिशमध्ये 'अल्काल्दे' झालं, त्यात हा 'ल' चक्क ऐकू येतो. तोच शब्द फारसीमार्गे आपल्याकडे आला तो काजी होऊन. आणि गंमत अशी, की दुबईच्या स्थानिक अरबांच्या रोजच्या बोलीतही दादचा 'द' राहिलेला नाही. तिथे तो दातांत जीभ धरून म्हणायच्या जाड 'ज़'कडे झुकतो.

फारसीत हा आवाज नव्हताच, म्हणून तिथे त्याचा सरळ 'ज़' झाला आणि मराठीनं तो 'ज' म्हणून घेतला. अर्ज, गरज, कब्जा, जप्त, जामीन, हजर, जरूर, राजी, जिल्हा या सगळ्यांत मूळचा दाद आहे. तुम्ही प्रश्नात 'मर्जी' लिहिलंत, त्यातला 'ज'ही तोच. रमजानचं रमदान करायचं तर या सगळ्यांचंही करावं लागेल. हे शब्द आपल्या जिभेवर शेकडो वर्षं रुळलेत, ते अशुद्ध नाहीत, मराठी आहेत.

पठणाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे आपली सोय चालत नाही. पठणाच्या शास्त्राला तजवीद म्हणतात, म्हणजे 'चांगलं करणं'. १४२९ साली वारलेल्या इब्न अल-जज़री यांनी त्याची व्याख्या केली ती मला फार आवडते : प्रत्येक अक्षराला त्याचा हक्क देणं. त्यांनी उच्चाराची १७ स्थानं मोजली आहेत. स्थानाला शब्द आहे मखरज, म्हणजे बाहेर पडण्याची जागा.

हक्क डावलला तर काय होतं? अरबीत 'दल्ल' दालनं म्हटलं तर 'वाट दाखवली'. दादनं म्हटलं तर 'वाट चुकला'. अगदी उलट! ज़ाल, ज़े आणि ज़ोय ही आणखी तीन अक्षरं : ज़ालनं 'हीनदीन झाला', ज़ेनं 'पाय घसरला', ज़ोयनं 'तसाच राहिला'. मराठी माणसाच्या तोंडी या पाचांचे जेमतेम दोन शब्द होतील, दल्ल आणि जल्ल. लज्जत, वजन, नजर आणि अर्ज यांतले 'ज' अरबीत चार वेगवेगळी अक्षरं आहेत, हे आपल्या कानाला कळतही नाही.

आता लांबवण्याचं. आमच्या गल्लीतल्या मदरशात एका हाफिजसाहेबांच्या परवानगीनं मी काही सकाळी मागे बसून ऐकलं. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा फातिहाचा, म्हणजे कुराणाच्या पहिल्या अध्यायाचा, शेवटचा शब्द म्हणत होता, 'वलद्दाल्लीन'. वाट चुकलेल्यांचा उल्लेख आहे तो, म्हणजे वर सांगितलेलाच दाद. मुलगा 'दा'वर आला की उस्ताद मूठ मिटून एकेक बोट उघडायचे. पाच बोटं संपली की दुसऱ्या हाताचं एक. सहावं उघडेपर्यंत 'ल्ल'वर उतरायचं नाही. पोरगं चौथ्यालाच उतरायचं. 'फिर से, बेटा.' पुन्हा मूठ.

त्या एकेका बोटाला म्हणतात हरकत. हो, आपलीच 'हरकत नाही'मधली. मूळ अर्थ हालचाल, आणि अरबी व्याकरणात ऱ्हस्व स्वर. ऱ्हस्व स्वराचा काळ म्हणजे एक हरकत, आपल्या मात्रेसारखा. साधा दीर्घ स्वर दोन हरकतींचा. इथवर पाणिनीचे ऱ्हस्व-दीर्घ आणि हे मोजमाप जुळतं. पण आपला प्लुत, म्हणजे दीर्घाहूनही लांबवलेला स्वर, तीन मात्रांवर थांबतो, इथे मोजणी सहापर्यंत जाते. दीर्घ स्वरापुढे त्याच शब्दात हम्ज़ा, म्हणजे घशातला झटका, आला की चार किंवा पाच. आपल्या भागात चालणाऱ्या हफ्स या पठण-परंपरेचा हा हिशोब. दीर्घ स्वरापुढे जोडाक्षरासारखं दुहेरी व्यंजन आलं, जसं 'दाल्ल', की सहा, आणि तिथे सवलत नाही. कारणही समजण्यासारखं आहे : दुहेरी व्यंजनाआधीचा दीर्घ स्वर घाईत आखडतो. तो ताणून धरला की त्याचा दीर्घपणा शाबूत राहतो. शेवटच्या 'लीन'वर थांबताना मात्र दोन, चार किंवा सहा, यांतलं एक निवडता येतं. मर्जीला जागा आहे ती अशा ठरलेल्या पर्यायांतच, आणि एकदा निवडलं की त्या बैठकीत सगळीकडे तेच पाळायचं.

हरकत घड्याळानं मोजत नाहीत. पठण संथ असेल तर ती मोठी, जलद असेल तर लहान, पण एकास दोन, एकास सहा हे प्रमाण ढळू द्यायचं नाही. म्हणून ती बोटं. शेवटच्या सकाळी मी गेलो तेव्हा तो मुलगा स्वतःच मांडीवर बोटं उघडत होता, आणि उस्ताद डोळे मिटून फक्त दादकडे कान लावून बसले होते.