जर्मनीच्या निकोलाउस ओटोच्या 1876 च्या चार स्ट्रोकच्या गॅस इंजिनात स्पार्क प्लग नव्हता, मग सिलिंडरमधला गॅस पेटायचा कसा?

उघड्या ज्योतीने. पण सिलिंडर बंद, आत दाबलेलं मिश्रण, मग बाहेरची ज्योत न विझता आत जाते कशी, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्या इंजिनातली सगळ्यात नाजूक जागा तीच.

ठिणगी तेव्हा माहीत नव्हती असं नाही. 1860 मध्ये लेन्वारने आपल्या गॅस इंजिनात बॅटरी आणि रुमकॉर्फ कॉइल (बॅटरीच्या विजेचं व्होल्टेज वाढवणारं वेटोळं) लावून ठिणगीनेच गॅस पेटवला होता. त्याच्या इंजिनात मिश्रण दाबलंच जात नव्हतं, म्हणजे ज्योतीने पेटवणं खरं तर त्यालाच सोपं गेलं असतं! पण त्या काळच्या बॅटऱ्या आणि कॉइलवर रोजच्या कामासाठी भरवसा ठेवता येत नव्हता, म्हणून ओटोने ज्योत पत्करली.

सिलिंडरच्या मागच्या टोकाला अगदी सपाट घासलेला पृष्ठभाग असतो. त्याच्यावर लोखंडी पट्टी आडवी पुढे-मागे सरकते आणि बाहेरून एक झाकणाची प्लेट स्प्रिंगांनी ती दाबून धरते. हवा आणि गॅस आत घेण्याचं कामही हीच पट्टी करते. तिला चालवणारा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. पट्टीत एक छोटी पोकळी असते आणि झाकणाजवळ लहानशा धुराड्यात एक ज्योत कायम जळत असते.

पोकळी आधी गॅसच्या वाटेसमोर येते आणि भरते. मग कायमच्या ज्योतीसमोर जाऊन पेट घेते. पुढे सरकताच तिचा बाहेरच्या हवेशी संबंध तुटतो. या घडीला पोकळीत साधा हवेइतका दाब, तर सिलिंडरमध्ये त्याच्या जवळजवळ तिप्पट. तोंड एकदम उघडलं तर आतलं मिश्रण मुसंडी मारून ज्योत विझवणार. म्हणून मोठं तोंड जुळण्याच्या किंचित आधी एक बारीक छिद्र सिलिंडरला जोडलं जातं. त्यातून मिश्रण हळूहळू पोकळीत येतं, दोन्हीकडचा दाब सारखा होतो, ज्योत जगते. मगच तोंड उघडतं आणि ज्योतीचा झोत आत शिरतो. फेरे मिनिटाला 180 असतील तर पट्टीची ही सगळी ये-जा साधारण पाऊण सेकंदाच्या आत उरकते. माझ्या मते ओटोच्या यंत्रातली सगळ्यात हुशार गोष्ट चार स्ट्रोक नव्हेत, हे छिद्र आहे.

बिघडायचंही इथेच. छिद्र तेलाच्या काजळीने बुजलं की बाहेरची ज्योत छान जळत राहते, पण पोकळीतली वारंवार विझते. न पेटलेलं मिश्रण एक्झॉस्टच्या नळीत जातं आणि पुढच्या स्फोटाच्या गरम वायूने तिथे पेटून मोठा बार होतो. पट्टी तापून वाकली तर फटीतून गळती सुरू होते. गळती थांबवायला स्प्रिंगा आवळल्या तर पट्टी चरे पडेपर्यंत घासते. दाब वाढवायचा तर स्प्रिंगा आणखी ताठ हव्यात, म्हणून कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबायचं ते) अडीचास एकच्या आसपासच अडकलं.

यावर उतारा निघाला तो तापलेल्या नळीचा. 1883 मध्ये डाइमलर आणि मायबाख या जर्मन इंजिनिअरांनी तीच वापरून मिनिटाला 600 फेऱ्यांपर्यंत मजल मारली. एका टोकाला बंद असलेली नळी सिलिंडरला जोडायची आणि बाहेरून बर्नरने लालबुंद ठेवायची. आधीच्या स्फोटाचा जळका वायू नळीत उरलेला असतो. पिस्टन दाबत येतो तसा तो वायू बंद टोकाकडे ढकलला जातो, ताजं मिश्रण मागोमाग लाल भागापर्यंत पोचतं आणि पेटतं. टायमिंग, म्हणजे पेटण्याची वेळ, बदलायचं तर बर्नर सरकवायचा: लाल भाग सिलिंडरजवळ आला की मिश्रण लवकर पेटतं, लांब गेला की उशिरा. लोखंडी नळी बाहेरून पापुद्रे सुटून पातळ व्हायची आणि शेवटी फुटायची, म्हणून प्लॅटिनमच्या आणि पोर्सिलेनच्या नळ्याही निघाल्या. इंजिन सुरू करताना वेग कमी असल्यामुळे मिश्रण वेळेआधी पेटून चाक उलटं झटका देई. यासाठी बऱ्याच इंजिनांत सुरुवातीपुरता वेगळा कॅम (झडप उचलणारी उंचवट्याची चकती) असे. तो कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टची झडप थोडा वेळ उघडी ठेवून दाब कमी करी.

विजेकडे परत जाणं जमलं ते मॅग्नेटोमुळे. तो चुंबकाच्या मदतीने स्वतःच वीज तयार करतो, त्यामुळे त्यात बॅटरीच लागत नाही. जर्मनीच्या रॉबर्ट बॉशने 1887 मध्ये जागेवरच्या इंजिनासाठी कमी व्होल्टेजचा मॅग्नेटो बनवला. त्यात ठिणगी सिलिंडरच्या आतले दोन संपर्क एकमेकांपासून तुटताना पडायची. उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि त्याबरोबरचा स्पार्क प्लग 1902 चा, बॉशकडच्याच होनोल्ड या इंजिनिअरचा.