लेन्सचा शार्पनेस: रेषा मोजण्यापेक्षा कड मोजा

तुमची अडचण अशी, की छापील तक्त्यावर जुनी आणि नवी दोन्ही लेन्स सारख्याच बारीक रेषा दाखवतात, पण फोटो जुन्या लेन्सचेच जास्त शार्प वाटतात. तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. चुकतंय ते मोजमाप.

तक्त्यावर आपण जेमतेम ओळखू येणारी शेवटची रेषा शोधतो. तिथे कॉन्ट्रास्ट जवळपास संपलेला असतो. फोटो शार्प वाटतो तो त्याहून जाड बारकाव्यांमुळे, म्हणजे केस, कापडाची वीण, पानांच्या शिरा किती ठसठशीत उमटतात त्यावरून. अमेरिकी हवाई दलाच्या १९५१ च्या तक्त्यात प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा सुमारे १२ टक्के बारीक असते, त्यामुळे छोटा फरक तिथे सापडतच नाही. शिवाय ३६ मिमी रुंदीत ६००० पिक्सेल असतील, तर सेन्सरची मर्यादा मिलिमीटरला सुमारे ८३ रेषाजोड्या (एक काळी आणि एक पांढरी रेषा मिळून एक जोडी). त्यापुढे दिसणाऱ्या रेषा फसव्या असतात. मोजल्या तर संख्याच जुळत नाही.

म्हणून काळ्या-पांढऱ्याची एक सरळ कड घ्या आणि ती साधारण ५ अंश तिरकी ठेवा. तिरकी असल्यामुळे प्रत्येक ओळीत ती पिक्सेलला जरा वेगळ्या जागी छेदते. सगळ्या ओळी एकत्र केल्या की पिक्सेलहूनही बारीक मोजणी मिळते आणि त्यातून एमटीएफचा वक्र निघतो, म्हणजे बारकावे बारीक होत जातात तसा कॉन्ट्रास्ट किती उरतो त्याचा आलेख. आयएसओ १२२३३ या आंतरराष्ट्रीय मानकात हीच पद्धत आहे. कॉन्ट्रास्ट निम्म्यावर येतो तो बिंदू, एमटीएफ५०, तुमच्या डोळ्यांशी बऱ्यापैकी जुळेल. छापील कडेला शाईचा पसरटपणा असतो. मागून मऊ उजेड देऊन दाढीच्या ब्लेडची धार वापरलीत तर उत्तम.

फाइल रॉच हवी, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, शार्पनिंग शून्य. जेपेगमध्ये कॅमेरा कडेभोवती उजळ किनार आणतो आणि आकडा फुगतो. मी सुरुवातीला काही महिने असेच फुगलेले आकडे जमवले होते, ते सगळे टाकून द्यावे लागले.

सर्वांत जास्त वेळ फोकसला द्या. एका फोटोवरून निकाल काढलात तर तो लेन्सचा नसून फोकसचा असतो. दर वेळी फोकस मुद्दाम हलवून पुन्हा लावा, असे दहा फोटो घ्या आणि सर्वांत चांगला आकडा धरा. कोपऱ्यांसाठी फोकस वेगळा लावा. ट्रायपॉड आणि टायमर हवेतच. कॅमेरा तक्त्याला समांतर आहे का हे पाहायला तक्त्याच्या जागी सपाट आरसा धरा: लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मधे यायला हवं.

तुम्ही एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान ठेवून, तुलना केलीत. तिथे विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, चांगली लेन्सही मागे येते. हिरव्या प्रकाशात निर्दोष लेन्सचासुद्धा एमटीएफ५० तिथे मिलिमीटरला सुमारे ४६ रेषाजोड्यांवरच थांबतो. एफ/४ आणि एफ/५.६ ला पुन्हा मोजा, आणि दोन्ही लेन्सचे पूर्ण वक्र इथे टाका. मधल्या भागात जुनीचा वक्र वर निघाला, तर तुम्हाला दिसत होतं ते तेच.