बीपीच्या गोळ्या चालू असताना व्यायाम: नाडी, चक्कर आणि वजनं

तुमचे प्रश्न तीन: मेटोप्रोलॉल आणि अॅम्लोडिपिन चालू असताना कितीही भरभर चाललं तरी नाडी १०५ च्या वर का जात नाही, थांबल्यावर चक्कर का येते आणि घरी बीपी १४८/९२ येत असताना वजनं उचलावीत का.

नाडीचं सोपं आहे. मेटोप्रोलॉल हृदयाचा वेग धरून ठेवतं, त्याचं कामच ते. त्यामुळे जास्तीत जास्त नाडी काढायचा '२२० वजा वय' हा हिशेब तुमच्यासाठी बाद. नाडी वर नेण्याच्या नादात पळत सुटू नका. चालताना एक पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका दम पुरे. आठवड्याला १५० मिनिटं, शक्यतो पाच दिवसांत वाटून.

चक्कर बहुधा एकदम थांबल्यामुळे येते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. तुम्ही थांबलात की ते ढकलणं थांबतं, पायांतल्या रक्तवाहिन्या मात्र अजून सैलच असतात, त्यात अॅम्लोडिपिनही त्या सैल करतं. मग रक्त पायांतच साठतं. म्हणून शेवटची ५ ते १० मिनिटं वेग हळूहळू कमी करा आणि लगेच गरम पाण्याने अंघोळ करू नका. तरीही चक्कर आली तर बसून एकदा, उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा बीपी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर ते आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. मेटोप्रोलॉल आपल्या मनाने बंद करू नका. ते अचानक सोडलं की नाडी आणि बीपी दोन्ही उसळतात.

आता वजनं. डॉक्टरांना एकदा विचारून जरूर उचला, पण श्वास कोंडून नाही. कसलेल्या, निरोगी तरुणांच्या धमनीत नळी घालून मोजलं, तेव्हा जड वजन पायांनी ढकलताना वरचं बीपी ३०० च्या पुढे गेलेलं नोंदवलं आहे. वजन उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. जमत नसेल तर आकडे मोठ्याने मोजा. बोलताना श्वास कोंडता येत नाही. वजन असं निवडा की १२ ते १५ वेळा उचलून झाल्यावरही आणखी दोन-तीनदा उचलता यावं. श्वास कोंडला जातो तो नेमका शेवटच्या, जीव काढणाऱ्या एक-दोन वेळी. त्या करायच्याच नाहीत, शेजारी उभा राहून कोणी कितीही 'अजून एक' म्हणू दे. मूठ विनाकारण आवळू नका. डोकं खाली जाईल असे व्यायाम आणि श्वास रोखून धरायचे प्राणायाम सध्या टाळा.

भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसण्याचा व्यायाम नेहमीचं बीपी उतरवतो हे खरं (२ मिनिटं बसणं, २ मिनिटं विश्रांती, असं ४ वेळा, आठवड्यातून ३ दिवस). पण तो चालू असताना बीपी चढतं. आधी आकडे आटोक्यात येऊ द्या, मग कमी वाकून ३० सेकंदांपासून सुरुवात करा.

बीपी मोजायचं ते सकाळी, गोळी आणि व्यायाम दोन्हींच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून. व्यायाम संपताक्षणी वरचा आकडा १७०-१८० दिसला तर घाबरू नका, ते अपेक्षितच आहे. उलट नंतर काही तास तो नेहमीपेक्षा खाली राहतो, आणि तो बघून लोक गोळी अर्धी करतात. तसं करू नका. सकाळी बसल्या जागी वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या वर असेल तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच आलं तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं यातलं काहीही असेल तर थेट इस्पितळ.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही: गुडघे किंवा खांदे दुखले म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक रोज घेतलं तर बीपी चढतं. व्यायामाआधी प्यायच्या 'ताकदीच्या' पावडरींमध्ये बहुधा भरपूर कॅफिन असतं, त्यांचंही तेच.